मीटरवर १४२ आणि वहीत ११८

या वेळचं पत्र गुहागर तालुक्यातल्या एका गावातून आलंय. वय २८, पहिलंच बाळंतपण, २९वा आठवडा चालू आहे. नवरा मुंबईला नोकरीला, ही गावी सासूसासऱ्यांजवळ. २६व्या आठवड्यात ग्लुकोजचं पाणी पाजून रक्त घेतलं तर दोन तासांची शुगर १६८ आली, तेव्हापासून घरी ग्लुकोमीटर आहे, सकाळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी बोटाला टोचायचं आणि आकडा वहीत लिहायचा असं डॉक्टरांनी सांगितलंय. ती लिहिते:

"ताई, मशीन हातात घेतलं की छाती धडधडायला लागते. सकाळची शुगर ९८, १०१ अशी येते. सासूबाई म्हणतात मे महिन्यात आंबे खाल्लेस त्याचं हे. आमचे हे रोज रात्री व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न विचारतात, किती आली. मैत्रिणीने मोबाईलमध्ये मेडिटेशनचं अ‍ॅप टाकून दिलं, म्हणाली माइंडफुलनेस कर, शुगर उतरते, इन्शुलिन लागत नाही. पण मी डोळे मिटले की अजूनच टेन्शन येतं. आणि एक गोष्ट कोणालाच सांगितली नाहीये. गेल्या मंगळवारी जेवणानंतर १४२ आली आणि मी वहीत ११८ लिहिलं. आता ९ तारखेला वही दाखवायची आहे. काय करू?"

अगो बाय, सगळ्यात आधी त्या ११८ बद्दलच बोलते, कारण तुझ्या पूर्ण पत्रात मला तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली, मेडिटेशनपेक्षाही. तू पहिली नाहीयेस. मी कितीतरी वर्षं कोकणातल्या दवाखान्यांत नर्स होते, असल्या वह्या शेकड्याने बघितल्यात, आणि खोटा आकडा बघून कळतो गं, कारण खऱ्या शुगरी वरखाली उड्या मारतात आणि खोट्या सगळ्या ११५, ११८, ११२ अशा रांगेत शहाण्यासारख्या बसलेल्या असतात. पण मी तुला ओरडणार नाहीये, मला तो हक्कच नाही. माझ्या दुसऱ्या खेपेला मलाही शुगर होती. मी खोटं लिहिलं नाही पण ज्या दिवशी पोटभर भात खाल्ला त्या दिवशी तपासलंच नाही, म्हणजे वही छान दिसत राहिली. नर्स असून हे केलं. ३४व्या आठवड्यात सोनोग्राफीत बाळ मोठं दिसलं, मग घाईघाईने इन्शुलिन सुरू झालं, आणि जन्मल्यावर बाळाची शुगर एकदम खाली गेली म्हणून त्याला दोन दिवस माझ्यापासून लांब काचेत ठेवलं. आता तो कॉलेजला जातो, धडधाकट आहे, पण ते दोन दिवस मी विसरलेली नाही. म्हणून तुझं पत्र वाचल्यावर बाकीची कामं बाजूला ठेवून बसले.

आता बघ, तू ११८ च का लिहिलंस? १३० का नाही लिहिलंस? कारण तुला पक्कं माहीत आहे की जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या खाली पाहिजे. आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत पद्धत अशी आहे की आधी दोन आठवडे खाणं सांभाळायचं, चालायचं, आणि त्यानंतरही दोन तासांची शुगर १२० किंवा जास्त येत असेल तर औषध नाहीतर इन्शुलिन सुरू करायचं. म्हणजे डॉक्टर ज्या रेषेवर निर्णय घेणार, बरोबर त्याच रेषेच्या अलीकडे तुझ्या हाताने आकडा आणून ठेवला. एकाच दिवसाच्या १४२ ने कोणी लगेच इन्शुलिन देत नाही, ते चारआठ दिवसांचा कल बघतात. पण वही खरी नसेल तर त्यांना दिसणार काय? आणि आत बाळाला जी साखर पोचायची ती १४२ चीच पोचली, ११८ ची नाही. तुझं इन्शुलिन वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून, पलीकडे जात नाही पण साखर जाते, मग बाळ ती जिरवायला स्वतःचं इन्शुलिन जास्त तयार करतं, त्याने अंगाने मोठं होतं, आणि नाळ कापल्यावर तुझ्याकडून येणारी साखर एकदम थांबते पण त्याचं जास्तीचं इन्शुलिन अजून रक्तात असतं, म्हणून शुगर घसरते. माझ्या बाळाचं हेच झालं होतं.

दुसरं, ते आंब्याचं. सासूबाईंचं ऐकून तू ते मनाला लावून घेतलंयस असं पत्रावरून वाटतंय. गरोदरपणात वार जशी वाढते तशी ती हॉर्मोन सोडते, त्यामुळे आईच्या अंगात इन्शुलिनचा जोर कमी पडतो. निसर्गाने हे मुद्दाम केलंय, बाळाला साखर मिळत राहावी म्हणून. बहुतेक बायकांचं स्वादुपिंड मग दुप्पट-तिप्पट इन्शुलिन बनवून भरून काढतं, काहींचं तेवढं पुरं पडत नाही, त्यांना ही शुगर होते. २४ ते २८ आठवड्यांत तपासतात ते याचसाठी, की तेव्हा हा जोर वाढायला लागतो. घरात कोणाला डायबेटिस असेल, वजन जास्त असेल, वय जास्त असेल तर शक्यता वाढते, आणि आपल्या भारतीय लोकांत मुळातच जास्त आहे, म्हणून तर आपल्याकडे सगळ्याच गरोदर बायकांची तपासणी करतात, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी, आणि १४० किंवा त्याच्या वर आलं की शुगर धरतात. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्यांनी हे आयुष्यभर लावून धरलं, जेवून आलेल्या बाईचीही टेस्ट करता यावी म्हणजे खेड्यातल्या बाईला उपाशीपोटी परत बोलवायला नको. त्यांचा वाढदिवस १० मार्च, तो आपल्याकडे गरोदरपणातल्या डायबेटिसचा जागृती दिवस म्हणून पाळतात. एवढं सगळं सांगितलं कारण तुझ्या सासूबाईंना सांगायला तुझ्याकडे काहीतरी असावं. चार हापूस जास्त खाल्ले म्हणून ही शुगर लागत नाही. लागल्यावर मात्र आंबा मोजून खावा लागतो, आणि डब्यातली आंबापोळी, फणसपोळी तर सध्या नकोच, त्यात फळाचा गोडवा सगळा आटलेला असतो.

आता तुझा खरा प्रश्न. टेन्शनने शुगर वाढते का? वाढते. वाडीत चालताना पायाखाली फुरसं दिसलं तर काय होतं? छाती धडधडते, हातपाय गार पडतात, आणि तुला कळत नाही पण त्याच वेळी अंगात अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल सुटतं आणि लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडतं, का तर पळायला ताकद हवी. तू पळालीस तर ती साखर खर्च होते. पण तू रोज चार वेळा खुर्चीत बसून मशीनकडे बघत घाबरतेस, पळत तर कुठेच नाहीस, मग ती साखर जाणार कुठे? तुझ्या घरात तो ग्लुकोमीटरच फुरसं झालाय. त्यात रात्री झोप नीट लागत नसेल (तू लिहिलं नाहीस पण मला खात्री आहे) तर कमी झोपेनेही इन्शुलिनचा जोर अजून कमी होतो. म्हणजे मैत्रीण अगदीच चुकीचं बोलली नाही.

पण "इन्शुलिन लागत नाही" हे जे ती म्हणाली ना, ते मी साफ खोडून काढते. माइंडफुलनेस हा शब्द आत्ता आपल्याकडे अ‍ॅपमधून आला, पण दवाखान्यात वापरायची पद्धत म्हणून तो अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल कॉलेजात सुरू केला, आठ आठवड्यांचा कोर्स, जुनी दुखणी असलेल्या पेशंटसाठी. पुढे गरोदरपणातल्या शुगरवरही लोकांनी करून बघितलं. थायलंडमधल्या नर्स संशोधकांनी २०१४ मध्ये छापलेल्या अभ्यासात अशा बायकांना भान ठेवून खाणं आणि योगासनं शिकवली, आणि नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा त्यांच्या उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या शुगरी कमी आल्या. मला हे वाचून आनंद झाला होता, पण नीट बघ, तिथे ध्यान एकटं नव्हतं, जोडीला खाणं होतं, हालचाल होती, डॉक्टर होते. आणि असले अभ्यास अजून लहान आहेत. त्यामुळे मी सांगेन की कर, जरूर कर, पण शुगर उतरवायचं औषध म्हणून करू नकोस. तसं केलंस ना तर ध्यानाला बसल्यावरही मनात एकच, आता किती आली असेल, आता किती. मग ती पण परीक्षाच झाली. तू कर ते एवढ्यासाठी की १४२ दिसल्यावर तुला १४२ लिहिता यावं.

आपल्याकडे यासाठी चांगला शब्द आहे, भान. आपली आजी म्हणायची बघ, "भान ठेवून वाढ गो, आमटी गरम आहे." तेवढंच. डोळे मिटायची गरज नाही. काही जणींना डोळे मिटले की विचारांचा लोंढा येतो, त्यात तुझं काही चुकत नाहीये. अ‍ॅप काढून टाकलंस तरी चालेल. मी सांगते तसं करून बघ.

आत्ता पावसाचे दिवस आहेत, तुमचं घर कौलारू असेल तर पागोळ्या पडत असतीलच. शुगर तपासायच्या आधी हात धुऊन पडवीत ये आणि पाठ टेकून बस, दोन्ही तळवे जमिनीला लागू देत, लादी गार लागते ते जाणवू दे. मशीन बाजूला असू दे, अजून हात लावू नकोस. एकाच पागोळीकडे बघ. थेंब कौलाच्या टोकाला जमतो, फुगतो, लोंबतो, सुटतो, खाली खळग्यात पडतो. तो सुटताना श्वास सोड, सावकाश, घेताना जेवढा वेळ लागला त्यापेक्षा सोडायला जास्त लागू दे. दहा थेंब. मध्येच मनात येईल की सकाळी अर्धी भाकरी जास्त झाली, येऊ दे, "हां, भाकरीचा विचार आला" असं मनात म्हण आणि परत थेंबाकडे ये. विचार आला म्हणजे बिघडलं नाही, परत येणं हाच सगळा व्यायाम आहे. पाऊस नसेल तर पोटावर हात ठेव आणि बाळाची हालचाल बघ, नाहीतर चुलीवरच्या आधणाचा आवाज ऐक, काहीही चालेल जे त्या क्षणी खरंच समोर आहे. मग टोच. आकडा आला की तोंडाने मोठ्याने म्हण, "एकशे बेचाळीस." आणि लगेच तोच लिही, पेन हातातच ठेव. आकड्याशेजारी दोन शब्द, काय खाल्लं आणि मन कसं होतं. "घावणे तीन, भांडण झालं." "भात एक वाटी, झोप नीट." आठ दिवसांनी ही वही वाचलीस की तुलाच दिसेल कुठे काय होतंय, आणि डॉक्टरांना तर सोन्यासारखी वाटेल.

हे करताना दोन गोष्टी सांभाळ. कपालभाती, भस्त्रिका, श्वास रोखून धरणं हे गरोदरपणात नको, कोणी कितीही सांगितलं तरी. आणि आता पोट मोठं झालंय, उताणी शवासनात पडून राहू नकोस, डाव्या कुशीवर पड.

मशीनबद्दलही सांगते, कारण आपल्या कोकणातल्या हवेत निम्म्या भानगडी तिथेच होतात. स्ट्रिपची डबी उघडी राहिली की पावसाळी दमट हवेने स्ट्रिपा खराब होतात आणि रीडिंग काहीच्या काही येतं, तेव्हा एक स्ट्रिप काढली की झाकण खटकन लाव, स्वयंपाकघरात वाफेजवळ ठेवू नकोस, तारीख बघ. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे कर. फळ कापलेल्या, गूळ किसलेल्या हाताने टोचलंस तर बोटावरची साखर रक्तात मिसळून आकडा फुगतो. बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोच, कमी दुखतं. आणि दोन तास मोजायचे ते पहिला घास घेतल्यापासून, ताटावरून उठल्यापासून नाही. एखादा आकडा अगदीच विचित्र आला तर हात धुऊन परत एकदा तपास आणि दोन्ही लिही. मनासारखा आला तो ठेवायचा असं नको.

खाण्याचं बोलते. डाएटचा छापील कागद तुला मिळालाच असेल, त्यात पनीर नि ओट्स असतील, आपल्या घरात ते कुठे असतं. आपलं जेवण वाईट नाहीये. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, बांगडा, तारली, शेवग्याच्या पाल्याची भाजी, टाकळा, अळू, सोलकढी, सगळं चालतं. भात बंद करू नकोस, उकड्या तांदळाचा एक वाटी मोजून घे, वाटी रोज तीच. सकाळची पातळ पेज मात्र सध्या बाजूला ठेव, ती पोटात गेली की पाण्यासारखी सरकते आणि शुगर झटकन चढते, आणि सकाळच्याच वेळी इन्शुलिनचा जोर सगळ्यात कमी असतो. नाश्ता म्हणून एक भाकरी, अंडं किंवा मुगाची उसळ घेऊन बघ. मुशीसारखे मोठे मासे या दिवसांत टाळ, त्यांच्यात पारा जास्त साठतो, लहान मासे बरे.

आणि भान ठेवून खायचं म्हणजे काय ते एकदा करून बघ, रोज नाही जमलं तरी दुपारचं एक जेवण. मोबाईल आत, टीव्ही बंद. बांगड्याचं तिखलं वाटीत असेल तर आधी नुसता वास घे, तिरफळाचा वास येतोय का बघ. आधी भाजी आणि मासा खा, भात शेवटी, या क्रमाने खाल्लं तर जेवणानंतरची शुगर त्या मानाने कमी चढते. काटे काढताना घाई नको, बांगडा तुला आपोआप सावकाश खायला लावतो बघ, म्हणून मला हा मासा आवडतो. एक घास गिळून झाला की दुसरा घे. अर्ध्यात थांबून विचार, भूक अजून आहे का ताटात आहे म्हणून खातेय. आणि खरंच भूक असेल तर खा, अजून भाजी घे, मासा घे. आकड्याच्या भीतीने उपाशी अजिबात राहू नकोस. तुझ्यासारख्या बायका काय करतात, दुसऱ्या दिवशी तपासायचं म्हणून रात्रीचं जेवण टाळतात, मग अंगातली चरबी जळून कीटोन तयार होतात, ते बाळाला चांगले नाहीत. संकष्टीचा उपासही या वर्षी सोड. उपासाचं म्हणून साबुदाणा आणि बटाटा खाशील तर शुगर साध्या जेवणापेक्षा वर जाईल. बाप्पाला कळतं.

जेवून झालं की दहा-पंधरा मिनिटं चाल. पावसात अंगण निसरडं असतं, शेवाळलेल्या चिऱ्यावर पाय टाकू नकोस, पडवीतल्या पडवीत फेऱ्या मार.

आता तुला कदाचित आवडणार नाही ते सांगते. तुझी सकाळची शुगर ९८, १०१ येतेय, ती ९५ च्या खाली हवी. जेवणानंतरची शुगर आपल्या ताटावर बरीचशी अवलंबून असते, पण सकाळची तशी नसते. रात्रभर तू काही खाल्लेलं नसतं, तरी लिव्हर साखर सोडत असतं आणि त्याला आवर घालायला इन्शुलिन पुरत नसतं. चालून, श्वास घेऊन, झोप सुधारून थोडा फरक पडू शकतो, पण ती सतत ९५ च्या वर राहिली तर बहुतेक वेळा औषध किंवा रात्रीचं इन्शुलिन लागतं. ते डॉक्टर ठरवतील. लागलं तर घे. इन्शुलिन म्हणजे तू कमी पडलीस असं नाही गं, तुझ्या वारेचा जोर जास्त पडला. ते घेतलं की आयुष्यभर मागे लागतं असं गावात बोलतात, तेही खरं नाही, या शुगरमध्ये बाळंतपण झालं की बहुतेक जणींचं बंद होतं. सुई केसासारखी बारीक असते, बोटाला टोचण्यापेक्षा कमी दुखते हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगते. फ्रिज असेल तर दरवाज्यात ठेव, फ्रीजरमध्ये कधीच नाही. वादळवाऱ्याने तुमच्याकडे दोन-दोन दिवस लाईट जात असेल तर मातीच्या माठात डबीत बंद करून ठेवतात, पाणी आत जाणार नाही असं.

इन्शुलिन सुरू झालं तर एक जास्तीची काळजी. घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यापुढे अंधारी आली तर शुगर ७० च्या खाली गेली असू शकते. तीन चमचे ग्लुकोज पावडर नाहीतर साखर अर्धा ग्लास पाण्यात घालून लगेच पी, बसून राहा, पंधरा मिनिटांनी परत तपास, आणि बरं वाटलं की काहीतरी खाऊन घे. हे सासूबाईंना आधीच शिकवून ठेव, कारण त्या वेळी तुला बोलता येईल असं नाही. आणि बाळाची हालचाल रोजच्यापेक्षा कमी वाटली, डोकं ठणकून डोळ्यापुढे ठिपके आले, पाणी किंवा रक्त गेलं तर वही बिही काही नको, तडक दवाखाना, १०८ ला फोन.

नवऱ्याचं काय करायचं? मला वाटतं त्याच्या मनात वाईट काही नाही. लांब राहणाऱ्या माणसाला दुसरं काही करता येत नाही म्हणून तो आकडा विचारतो, त्याला वाटतं आपण काळजी घेतोय. त्याला सरळ सांग, "मला रोज रात्री निकाल लागल्यासारखं वाटतं. तुम्ही आकडा विचारू नका, आज बाळ किती हललं ते विचारा. वहीचा फोटो मी रविवारी पाठवीन." एवढ्या सरळ वाक्याने मी कितीतरी घरांत फरक पडलेला बघितलाय. आणि जमलं तर त्याने दहा मिनिटं फोन चालू ठेवून तिकडे चालावं, तू इकडे पडवीत चाल, गप्पा मारत. तुझ्या जेवणानंतरच्या फेऱ्याही होतील.

सासूबाईंशी भांडू नकोस. त्यांच्या काळात दोन जीवांची म्हणून ताट भरून वाढायचे, कोणी टोचून बघत नव्हतं, त्यांना हे सगळं नवीन आहे आणि मला वाटतं त्या घाबरल्यात, घाबरलेली बाई दोष शोधते. ९ तारखेला त्यांनाच सोबत घेऊन जा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, २०१६ पासून चालू आहे, तिथे डॉक्टर स्वतः भेटतात. तुझ्या तोंडून वारेचं ऐकलं तर त्या मानणार नाहीत, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की घरी येऊन त्या स्वतःच शेजारणीला समजावून सांगतील. मग त्यांनाही यात काहीतरी काम दे. भाताची वाटी मोजायचं काम त्यांच्याकडे दे.

गणपती आता येतीलच. घर माणसांनी भरणार, उकडीच्या मोदकांची ताटं, आणि प्रत्येक जण म्हणणार एकाने काय होतंय. मी तुला मोदक नको म्हणणार नाही, गौरीगणपतीत गरोदर बाईने मोदक खाऊ नये हे मला तरी सांगवत नाही, पण ९ तारखेला डॉक्टरांना विचारून घे, आणि त्यांनी हो म्हटलं तर एक, जेवणाबरोबर, त्या जेवणात भात जवळजवळ नको. बसून खा. कळीची टोकं बघ, सारणातला वेलदोडा जिभेवर येऊ दे, तूप ओघळताना बघ. उभ्याउभ्या ओट्याशी तुटका मोदक तोंडात टाकला की चव कळत नाही आणि तीन कधी झाले तेही कळत नाही. दोन तासांनी टोच, जो येईल तो लिही, शेजारी लिही "मोदक १." डोहाळेजेवण असेल तेव्हाही हेच.

अजून एक. तू लिहिलंस की धडधडतं, पण रोज रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, झोपच उडाली असेल, नको ते विचार येत असतील तर ते पडवीतल्या पागोळ्यांनी भागणारं नाही. दवाखान्यात स्पष्ट सांग, नाहीतर १४४१६ वर फोन कर, टेलि-मानसची सरकारी मोफत लाईन आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं.

बाळंतपण झालं की तासाभरात बाळाला अंगावर घे, त्याची शुगर तपासायला सांग. आणि सहा आठवड्यांनी तुझी स्वतःची ग्लुकोजची टेस्ट करायची आहे, ती बहुतेक बायका विसरतात, बाळाच्या गडबडीत जातच नाहीत. ही शुगर एकदा झाली की पुढे डायबेटिस होण्याची शक्यता वाढते, म्हणून नंतरही अधूनमधून तपासत राहायचं असतं. आत्ताच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेव, बाळाच्या लसीकरणाच्या तारखा लिहिशील तिथेच, दीड महिन्याच्या डोसाला दवाखान्यात जाशीलच, त्याच दिवशी तुझं रक्त.

आता वही काढ. गेल्या मंगळवारचं पान. ११८ वर एक आडवी रेघ मार, खोडरबर नको, ते दिसू दे. शेजारी १४२ लिही. ९ तारखेला आत गेल्यावर सगळ्यात आधी तेच पान उघड आणि म्हण, "डॉक्टर, इथे मी घाबरून खोटं लिहिलं होतं." चांगले डॉक्टर असतील तर त्यावर रागावणार नाहीत, पुढचं पान उलटतील. नाही जमलं तोंडाने सांगायला तर हे पान सासूबाईंच्या हातात दे आणि त्यांना म्हण, हे तुम्ही दाखवा. आणि त्या दिवशी काय झालं ते मला कळव, मी वाट बघतेय.